साइटवर पहिल्यांदा जाताय? पायापासून डोक्यापर्यंत काय घालायचं ते आधी वाचा

सकाळी पावणेआठला साइटच्या गेटवर उभं राहिलं की नवा माणूस लांबूनच ओळखू येतो. हेल्मेट कोरं करकरीत, आतल्या पट्ट्यांवरचं प्लास्टिकही काढलेलं नसतं. बूट सेफ्टीचेच, पण नाड्या न बांधता आत खोचलेल्या. अंगात हाफ टी-शर्ट, गुडघ्यावर फाडलेली फॅशनची जीन्स, मनगटात जाडजूड कडं. टोकलं की म्हणतो, "सगळं घातलंय की साहेब." आणि तो खोटंही बोलत नसतो. घातलेलं असतं सगळं, बसलेलं काहीच नसतं.

पुण्या-मुंबईच्या साइटवर सेफ्टीचं काम करताना माझे निम्मे वाद याच एका गोष्टीवरून होतात. किट मिळालं म्हणजे काम झालं असं लोकांना वाटतं. मीही त्यातलाच होतो. डिप्लोमा करून पहिल्यांदा साइटवर आलो ते कॅनव्हासचे बूट घालून. तिसऱ्या दिवशी एका मजल्यावर शटरिंग (काँक्रीटच्या साच्याच्या फळ्या) काढणं चाललं होतं, एक फळी उलटी पडलेली, अडीच इंची खिळा वर. पाय ठेवला, उचलला, तर फळीही बुटासोबत वर आली. धनुर्वाताचं इंजेक्शन, आठवडाभर लंगडणं, आणि वर मुकादमाचं ऐकून घेणं: "इंजिनिअर, इथं खाली बघून चालायचं. वर बघायचं असेल तर आधी थांबायचं."

तेव्हा सुरुवात आदल्या संध्याकाळपासून करू.

आदल्या संध्याकाळी

ज्याने कामावर बोलावलंय त्याला फोन करून तीन गोष्टी विचारा. काम कुठलं आहे: बांधकाम, पाडकाम, उंचीवरचं, की गॅस कटिंगच्या आसपासचं? कंपनी काय देणार आणि आपण काय आणायचं? आणि बुटाचं माप आत्ताच सांगून ठेवा. स्टोअरमध्ये ८ आणि ९ नंबरचे ढीग असतात. ५ किंवा ११ हवा असेल तर तो दुसऱ्या दिवशी सकाळी उगवत नाही. बायकांची तर इथे कायमची अडचण होते. ४ नंबरचा बूट मागवावाच लागतो, म्हणून दोन दिवस आधीच सांगा.

हे सामान देण्याची जबाबदारी मालकाची किंवा ठेकेदाराची आहे. कायद्यातच ते आहे. 'बुटाचे पैसे पहिल्या पगारातून कापू' असं कुणी म्हणालं तर तिथेच हरकत घ्या. आणि एक जोडीने सांगतो: वर्षात ९० दिवस बांधकामावर भरले असतील आणि वय १८ ते ६० मध्ये असेल, तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करून घ्या. मंडळ नोंदीत कामगारांना सुरक्षा संचही देतं. पण त्या पेटीच्या भरवशावर पहिल्या दिवशी चपला घालून येऊ नका.

घरातून निघण्याआधी अंगठी काढा. निघत नसेल तर साबण लावून काढा. ट्रकवरून किंवा परांचीवरून उडी मारताना अंगठी सळईच्या टोकात अडकली तर माणूस खाली येतो आणि बोटाची कातडी वर राहते. कडं, ब्रेसलेट, मनगटावरचा जाड गंडा यांनाही तोच न्याय. मंगळसूत्र काढा असं मी कुणालाच सांगत नाही, सांगून कुणी काढतही नाही. ते आत सरकवा आणि वरच्या शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावा.

अंगातले कपडे

जाड सुती फुल शर्ट, साधी फुल पँट. उन्हाळ्यात लोक वैतागतात, "एवढ्या उन्हात फुल बाह्या?" एप्रिलमध्ये स्लॅबवर उघडा हात सळईला लावून बघा, मग बोलू. सैल सुती बाहीत घाम वाळतो, ऊनही अडतं.

पँट घोट्याशी दुमडू नका. गॅस कटिंग किंवा ग्राइंडरच्या आसपास काम असेल तर ही दुमड म्हणजे ठिणग्या गोळा करायची परडी. त्याच कारणाने नायलॉन-पॉलिस्टरचे क्रिकेट टी-शर्ट साइटवर नकोत. सुती कापड जळतं तेव्हा भोक पडतं. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं, आणि मग ते दवाखान्यातच निघतं. कटिंगवाल्याने खिशात लायटरही ठेवू नये. सांगायची गरज नाही असं वाटतं, पण मी खिसे तपासलेत.

बायका साडीवर पुरुषी शर्ट घालतात ही आपल्याकडची जुनी, शहाणी रीत आहे. पदर आत राहतो, हात झाकतात, सिमेंट थेट अंगावर येत नाही. शर्ट मात्र बटणं लावून घाला, उघडा लोंबता ठेवू नका. मिक्सरजवळ, होइस्टजवळ (सामान वर नेणाऱ्या लिफ्टजवळ) ओढणी नको. ती शेडमध्ये पिशवीत राहू दे. साडी नेसलेल्या बाईला हार्नेस, म्हणजे उंचीवरून पडताना धरून ठेवणारा पट्ट्यांचा साज, नीट बसत नाही, कारण मांड्यांचे पट्टे साडीवरून आवळता येत नाहीत. तेव्हा साडीतल्या बाईला उंचीवर पाठवणारा मुकादम चुकतोय, ती बाई नाही. तिने सरळ नाही म्हणावं.

बूट

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ बुटाला द्यावा. हेल्मेटची गरज कधीतरी पडते, बुटाची दर पावलाला.

बूट आयएस (भारतीय मानक) १५२९८ भाग २ चा हवा. त्याच्या टोकातली टोपी २०० जूल मार सोसते, म्हणजे साधारण २० किलोचं वजन मीटरभर उंचीवरून पडलं तरी बोटं वाचतात. एवढं बहुतेकांना माहीत असतं. लोक विसरतात तो तळ. मधल्या थरात खिळा अडवणारा पत्रा आहे का, ते विचारून घ्या. बुटावरच्या खुणेत पी अक्षर किंवा एस ३ असं असेल तर तो असतो, नुसतं एस १ असेल तर नसतो. दिसायला दोन्ही बूट जुळे भाऊ. माझ्या त्या अडीच इंची खिळ्याला उत्तर फक्त या पत्र्याकडे होतं.

स्वतः विकत घेणार असाल तर मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी ही ठिकाणं आहेतच. संध्याकाळी जा, दिवसभराने पाय थोडे सुजलेले असतात. कामावर जे जाड मोजे घालणार तेच घालून बूट चढवा. उभं राहून पुढे झुका. बोटं लोखंडी टोपीला टेकली तर एक नंबर मोठा घ्या, नाहीतर जिना उतरताना रोज नख काळं होईल. आयएसआय मार्कखाली सीएम/एलपासून सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. दुकानदार तोंड वाकडं करेल. करू दे.

काँक्रीट ओतायचं असेल तर गमबूट. यात नवीन मुलं हमखास चुकतात: पँट बुटाच्या आत खोचतात. मग वरून उडालेलं काँक्रीटचं पाणी पँटीवरून सरळ बुटात उतरतं. ओल्या सिमेंटचा सामू (पीएच) १२-१३ च्या घरात असतो, कपडे धुण्याच्या सोड्याहूनही तीव्र. आणि गंमत अशी की आधी काहीच दुखत नाही. माणूस दिवसभर ओल्या मोज्यात उभा राहतो, संध्याकाळी मोजा काढतो तेव्हा घोट्याभोवती लाल-काळं कडं उठलेलं असतं. गुडघे टेकून फिनिशिंग करणाऱ्यांचं गुडघ्यावर हेच होतं. तेव्हा पँट बुटावरून बाहेर ठेवा, घोट्यावर टेप किंवा रबर लावा. बुटात पाणी गेलंच तर काम तिथेच थांबवा, बूट-मोजे काढा आणि नळाखाली भरपूर पाण्याने पाय धुवा. खोबरेल तेल लावून पुन्हा तोच मोजा चढवू नका. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

जॅकेट आणि हार्नेस

चकाकत्या पट्ट्यांचं जॅकेट शर्टावर घाला, चेन लावून. उघडं जॅकेट वाऱ्याने मागे उडतं आणि पोकलेनवाल्याला समोरून पट्टा दिसतच नाही. मळलेलं जॅकेट धुवा, सिमेंटने माखलेला पट्टा चमकत नाही. हार्नेस नेहमी जॅकेटच्या वरून. पावसाळ्यात रेनकोटच्याही वरून, नाहीतर पाठीची कडी कापडाखाली दडते.

बहुतेक साइटवर सहा फुटांच्या वरच्या कामाला हार्नेस लागतोच. पूर्ण अंगाचाच घ्या. जुन्या स्टोअरमध्ये अजून कमरेचे नुसते पट्टे सापडतात, ते पडणाऱ्याचं कंबरडं मोडतात. मिळाला तर परत करा.

घालायची पद्धत अशी. पाठीच्या कडीला धरून हार्नेस हवेत उचला आणि झटका, म्हणजे पट्टे सुटे होतात. सगळ्या पट्ट्यांवरून बोट फिरवत जा: चीर, जळका डाग, उसवलेली शिवण, वेल्डिंगची ठिणगी पडून झालेला कडक ठिपका. यातलं काही सापडलं तर तो हार्नेस बाजूला ठेवा. मग बंडीसारखा अंगात घाला. छातीचा पट्टा छातीच्या मध्यावर, गळ्याशी सरकलेला नको. मांडीचे पट्टे असे आवळा की आत सपाट तळहात जाईल, पण मूठ जाणार नाही. पाठीची कडी दोन खवाट्यांच्या मध्ये आली का, ते शेजारच्याला बघायला लावा, आपलं आपल्याला दिसत नाही. मांडीचे पट्टे लोंबत ठेवून छातीचा तेवढा लावणारे रोज दिसतात. ते पडले तर हार्नेसमधून निसटतात किंवा छातीच्या पट्ट्यात गळा अडकतो.

मग हुक. हार्नेसला हुकाशी जोडणारी दोरी म्हणजे लॅनयार्ड. तो दोन दोऱ्यांचा असतो तो चालताना एक हुक सतत लावलेला राहावा म्हणून. दोन्ही हुक खांद्यावर टाकून फिरायला नाही. आणि हुक जमेल तितका डोक्याच्या वर लावा. का, ते थोडं गणित करून बघा. लॅनयार्ड १.८ मीटर. पडल्यावर झटका शोषणारी घडी उलगडते, ती १.७५ मीटरपर्यंत. पाठीच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर. जमिनीपासून मीटरभर अंतर राखायला हवं. बेरीज साधारण सहा मीटर, आणि हे मोजायचं हुकापासून खाली. आपल्या इमारतीत एक मजला तीन मीटरच्या आसपास. म्हणजे पहिल्या स्लॅबच्या कडेला पायाशी हुक अडकवून उभा असलेला माणूस हार्नेस घालूनही जमिनीवर आपटणार. डोक्याच्या वर लाइफलाइन, म्हणजे हुक लावायला ताणलेली दोरी, असेल तर हिशेब बदलतो, म्हणून ती मागा. इलेक्ट्रिकच्या पाइपला, शटरिंगच्या टेकूला, सुट्या सळईला हुक लावू नका.

अजून एक प्रश्न सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे काम सुरू होण्याआधीच्या सेफ्टीच्या छोट्या बैठकीत, हात वर करून विचारा: "मी पडून लोंबकळलो तर मला खाली कोण घेणार, कशाने?" मांडीच्या पट्ट्यांत नुसतं लटकून राहिलेल्या माणसाची शुद्ध काही मिनिटांत हरपू शकते. प्रश्नावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले तर त्या दिवशी वर जाऊ नका.

आधी मास्क, मग हेल्मेट

हा क्रम उलटा झाला की मास्कची वरची पट्टी हेल्मेटवरून जाते, आणि हेल्मेट काढताच मास्क हनुवटीखाली येतो. म्हणून आधी मास्क, त्यावर गॉगल, मग हेल्मेट.

रुमालाने, गमछ्याने काँक्रीटची धूळ अडत नाही. तोंडात येणारी जाडी रेती थांबते, फुप्फुसात जाणारी सिलिकाची बारीक धूळ दिसतही नाही आणि थांबतही नाही. तिच्यामुळे होणारा फुप्फुसाचा आजार, सिलिकोसिस, बरा होत नाही. आयएस ९४७३ चा एफएफपी २ मास्क निदान हवा. नाकावरची पत्ती दाबून बसवा, दोन्ही तळहात मास्कवर ठेवून जोरात फुंका. कडेने हवा डोळ्यांकडे आली तर मास्क बसलेला नाही. दाढी असेल तर तो बसतच नाही. दाढीचा मान राखून सांगतो, ब्रेकरवर (काँक्रीट फोडायच्या यंत्रावर) काम असेल तर रोज दाढी करा किंवा दुसरं काम मागा.

हेल्मेट आयएस २९२५ चं. मागची पट्टी डोक्याच्या मापाला आवळा, पुढे वाकून मान हलवा. हेल्मेट सरकलं तर अजून आवळा. हनुवटीचा पट्टा लावा. स्लॅबच्या कडेवरून खाली वाकलेल्याचं हेल्मेट खालच्याच्या डोक्यावर पडतं, हा विनोद नाही. कवच आणि डोकं यांच्यामधली पोकळी हाच खरा बचाव असतो. तिच्यात टॉवेल, विडी, मोबाइल कोंबू नका. जाड अंबाडा किंवा चुंबळ ठेवून त्यावर हेल्मेट घातलं तरी तेच होतं, म्हणून केस मानेवर खाली बांधा. हेल्मेटच्या पुढच्या ओठाखाली घड्याळासारखा छोटा छाप असतो, त्यात बनवल्याचा महिना आणि वर्ष. हातात आलेलं हेल्मेट किती जुनं आहे ते तिथे कळतं. दोन्ही बाजूंनी दाबून बघा. कडकड वाजलं, बारीक चिरा दिसल्या, किंवा त्यावर एकदा काही पडून गेलं असेल तर बदलून घ्या. थिनरने पुसू नका, रंगवू नका.

रंगांबद्दल सगळे विचारतात. साधारणपणे पांढरं इंजिनिअरचं, पिवळं कामगाराचं, हिरवं सेफ्टीचं. पण हा कायदा नव्हे, प्रत्येक साइटची आपापली रीत आहे, इंडक्शनमध्ये, म्हणजे साइटवर आल्यावरच्या पहिल्या माहिती-सत्रात, कळते. आणि हो, साइटचं पिवळं हेल्मेट घालून दुचाकी चालवू नका. गाडीचं हेल्मेट आयएस ४१५१ चं असतं, दोन्हीच्या चाचण्या वेगळ्या.

हात, डोळे, कान

हातमोजे कामाप्रमाणे बदलतात. सळईला चामड्याचे किंवा ठिपक्यांचे, ओल्या सिमेंटला रबराचे, काच उचलायला कापरोधक. फिरत्या ड्रिलजवळ, सळई वाकवायच्या मशीनजवळ मात्र सैल विणलेले मोजे घालू नका. धागा अडकला की मशीन आधी मोजा ओढतं, मग हात.

ग्राइंडरला गॉगल आणि त्यावर फेस शील्ड, दोन्ही. वेल्डरचा हेल्पर उघड्या डोळ्यांनी बाजूला उभा राहतो आणि रात्री दोन वाजता डोळ्यांत वाळू गेल्यासारखा तळमळतो. बटाट्याच्या चकत्या ठेवण्यापेक्षा डॉक्टर गाठा, आणि दुसऱ्या दिवशी हेल्परसाठीही काळी काच मागा.

कानातले फोमचे बोळे बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत सरकवा आणि फुगेपर्यंत धरून ठेवा. नुसते भोकाशी टेकवले तर ब्रेकरचा आवाज तसाच ऐकू येतो.

पाडकामाला गेलात तर

मुंबईत पुनर्विकासाची पाडकामं चाललेलीच असतात आणि नवी मुलं बहुतेकदा तिथेच पहिल्यांदा लागतात. पाडकामासाठी आयएस ४१३० ही वेगळी संहिता आहे, ती ठेकेदाराने पाळायची. तुमच्यापुरतं इतकं ध्यानात ठेवा की इमारत वरून खाली पाडतात आणि ज्या स्लॅबवर तुम्ही उभे आहात तोच थकलेला असतो. अंगावरचं सामान तिथे विटेपासून वाचवतं, भिंतीपासून नाही. राडारोडा टाकायच्या तोंडाखाली हेल्मेट घालूनही कुणी थांबत नाही.

धूळ बांधकामाच्या कितीतरी पट. पाण्याचा फवारा चालू नसेल तर मुकादमाला सांगा, मास्क एकटा पुरत नाही. जुन्या इमारतीच्या गच्चीवर, मोरीवर, शेडवर करड्या रंगाचे सिमेंटचे पत्रे असतात. त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते फोडू नका, वरून फेकू नका, कापू नका. वेगळा मास्क, अंगभर फेकून द्यायचा सूट आणि पत्रा ओला ठेवून अख्खा उतरवणारी माणसं असतील तरच त्याला हात लागावा. नसतील तर सुपरवायझरला बोलवा.

आता एक सवय जी मला सगळ्यात जास्त छळते. सुट्टी झाली की पोरं कॉम्प्रेसरचा पाइप घेऊन एकमेकांचे कपडे उडवून साफ करतात. पांढरा ढग उठतो, सगळे हसतात. दिवसभर मास्कने जे बाहेर ठेवलं ते त्या दोन मिनिटांत आत जातं. आणि दाबाची हवा जखमेतून किंवा कानात गेली तर वेगळंच संकट. कपडे ओल्या फडक्याने पुसा, साइटवरच बदला, वेगळ्या पिशवीत घरी न्या आणि घरच्यांच्या कपड्यांत मिसळू नका. त्याच कपड्यांनी लेकराला उचलून घेऊ नका. मास्क शेवटी काढा, कपडे बदलून झाल्यावर.

संध्याकाळी

हार्नेस खुंटीला टांगा, उन्हात किंवा सिमेंटच्या पोत्यांवर नको. हेल्मेट गाडीच्या डॅशबोर्डवर तापत ठेवू नका. पावसाळ्यात बुटांतले आतले तळवे काढून वेगळे वाळवा, बुटांत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि रात्री झोपताना एकदा बदला. चुलीजवळ ठेवले तर तळ सुटतो. तरी सकाळी ओलेच निघाले तर बूट घाला, पण मोजे कोरडे असू द्या. डब्याच्या पिशवीत एक जादा जोड कायम ठेवा, दुपारी जेवणानंतर बदलायला.